आक्काने मिसळलेला माल

मालनला कुठलीही गोष्ट सांगायची असली की ती "काय न्हाय" पासून सुरुवात करते. न्हाणीघरात साप निघाला तरी "काय न्हाय, साप निघालाय", आणि पोराची सोयरीक जमली तरी "काय न्हाय, सोयरीक जमली". त्यामुळे दीड महिन्यापूर्वी मी चौथीच्या वर्गाला भागाकार शिकवत असताना तिचा फोन आला आणि ती म्हणाली, "काय न्हाय बाई… आक्का गेली," तेव्हा माझ्या तोंडून आधी "कुठं?" असंच निघालं. खरं तर चार महिने आक्का अंथरुणाला खिळून होती आणि हा फोन कधीतरी येणार हे आम्हाला सगळ्यांना माहीत होतं. पण ही बाई आयुष्यभर सतत कुठंतरी निघालेली असायची. तिला "गेली" म्हटलं की बाजारात, बस्तीत म्हणजे आमच्या जैन मंदिरात दर्शनाला, नाहीतर कुणाशी तरी भांडायला, एवढंच मनात यायचं. पलीकडून मालन म्हणाली, "कुठं म्हंजे काय? गेली. मी पाणी पाजायला उठले तवर…" मी मुलांना पुढचा भागाकार करायला सांगून बाहेर व्हरांड्यात आले. परत वर्गात गेले तेव्हा सगळ्यांचं उत्तर चुकलेलं होतं आणि मी सगळ्यांना बरोबर दिलं.

मालन आमची शेजारीण. तीस वर्षं ती आमच्या मागच्या दारानं न विचारता आत येत आलेली. पण त्या दिवशी मी शाळेतून घरी पोचले तेव्हा ती बाहेर अंगणात उभी होती आणि पुन्हा उंबऱ्याच्या आत आली नाही. तिसऱ्या दिवशी पाहुणे पांगल्यावर तिनं मला विहिरीपाशी गाठलं. "बाई, तुमी शिकलेल्या हायसा. खरं सांगा. माझ्यामुळं गेली काय वो ती? तिच्या वाटणीचं औषध मी खाल्लं म्हणून?" मी म्हटलं, "छे, काहीतरीच काय." पण 'तुमचा मुलगा नक्की पास होईल' हे मी पालकांना ज्या आवाजात सांगते त्याच आवाजात ते निघालं, आणि मालनचा मुलगा माझ्याच वर्गात दोनदा बसलेला असल्यामुळे तिला तो आवाज चांगला ओळखता येतो. ती पदर खोचून निघून गेली. तिला असं का वाटावं, हे सांगायचं तर आक्काचा पराक्रम पहिल्यापासून सांगायला हवा, आणि तो सांगताना मला मध्येमध्ये हसू येणार आहे. आक्काची त्याला हरकत नसती.

कुसुमाक्का माझी थोरली जाऊ. समोर मी तिला अहो-जाहो करायचे, पण मनात आणि लिहिताना ती 'ती'च आहे. निपाणीत आमच्या सासऱ्यांची तंबाखूची वखार होती. माल आला की सासरे त्यातली चिमूटभर घरात आक्काकडं पाठवायचे. ती तळहातावर चोळायची, नाकाशी न्यायची, डोळे मिटायची आणि निकाल द्यायची… हा अमक्या शिवारातला, ह्याला पाणी मारलंय, ह्यात गेल्या सालचा माल मिसळलाय. पाणी मारलेलं ती एक वेळ सोडून देई, पण दोन जातींचा माल एका पोत्यात मिसळणाऱ्याला तिच्याकडं माफी नव्हती. पोतं परत, आणि वर चार शब्द. मोठमोठे व्यापारी तिच्या नाकाला वचकून असायचे. तंबाखू तिनं स्वतः जन्मात तोंडात धरली नाही. पुढं बेळगावच्या दवाखान्यात डॉक्टरीणबाईंनी "तंबाखूचं काही व्यसन?" असं विचारलं तेव्हा ती म्हणाली, "व्यसन न्हाय. धंदा हाय."

दवाखान्यात जायचं कारण म्हणजे आक्काच्या छातीत गाठ निघाली. आमच्याकडं बायका अशी गोष्ट आधी स्वतःपासून लपवतात, मग नवऱ्यापासून, आणि मग दाखवायला नेईपर्यंत फार उशीर झालेला असतो. आक्काला लपवणं हा प्रकारच माहीत नव्हता. सकाळी आंघोळीत गाठ हाताला लागली, नऊ वाजता तिनं मला सांगितलं, साडेनऊला दुधवाल्याला, आणि दहा वाजता भाजी घेताना भाजीवालीला, "वांगी नगोत आज. माझ्या थानाला गाठ आल्या, बेळगावला जायाचं हाय." भाजीवालीच्या हातातला तराजू तसाच राहिला. आमचे हे, म्हणजे आक्काचे धाकटे दीर, संध्याकाळी घरी येऊन म्हणाले की बसस्टँडवर तीन माणसांनी मला वहिनींच्या गाठीबद्दल विचारलं, आता मी तोंड कुठं लपवू. आक्का म्हणाली, "तू कशाला लपवतोस? गाठ मला आल्या."

तिच्या ह्या बोभाट्याचा मला तेव्हा संताप आला होता. पण चारच दिवसांनी भर दुपारी मालन आमच्या स्वयंपाकघरात आली, तिनं दाराला कडी घातली आणि चुलीकडं तोंड करून म्हणाली, "काय न्हाय आक्का… माझ्यात बी हाय तसलं. संक्रांतीपासनं." तेव्हा गणपती बसायला आले होते. आक्का तिला एक अक्षर रागावली नाही. दुसऱ्या दिवशी सकाळच्या पहिल्या बसला दोघी आणि त्यांच्यामध्ये मी, अशा आम्ही बेळगावला निघालो. मी बरोबर असायचं कारण एवढंच की मला मराठी, कन्नड आणि इंग्रजी तिन्ही वाचता येतं, आणि आक्काच्या मते शिक्षिकेला रजा मिळायला काही कारण लागत नाही.

दोघींची ऑपरेशनं एका आठवड्याच्या अंतरानं झाली. पुढचे उपचारही झाले, केस गेले, आले. आक्काचे कुरळे आले म्हणून ती खूश होती. मग एक दिवस डॉक्टरीणबाईंनी दोघींना समोर बसवून सांगितलं की एका नव्या गोळीचा अभ्यास चालू आहे, तुम्हाला त्यात भाग घ्यायचा का बघा. नेहमीचं औषध तर सगळ्यांना मिळणारच. त्याशिवाय रोज एक जास्तीची गोळी. कुणाला नवी, कुणाला अगदी तशीच दिसणारी पण औषध नसलेली साधी. कुठली कुणाला, हे ना तुम्हाला कळणार, ना मला. नवी गोळी उपयोगाची आहे की नाही हे अजून कुणालाच माहीत नाही, म्हणून तर हा अभ्यास. ह्या कामाची सगळी व्यवस्था बघायला रेश्मा म्हणून एक बाई होत्या, हिंडलग्याहून स्कूटरवर येणाऱ्या, बोलायला गोड आणि नियमाला कडक. त्यांनी मराठीतला एक जाडजूड फॉर्म माझ्या हातात दिला. तो मराठीत होता हे मी त्यांच्या सांगण्यावरूनच मानलं. शेवटी रेश्मांनीच साध्या भाषेत समजावलं, "कुणाला कुठली गोळी ते कम्प्युटर ठरवतो ओ आक्का. नाणं उडवल्यासारखं." आक्कानं जरा विचार केला आणि आवाज खाली आणून विचारलं, "त्या कम्प्युटरवर कोण बसतंय? आपल्या निपाणीकडचं हाय काय कोण?"

रेश्मा म्हणाल्या, घरी जा, विचार करा, मग सही करा. आक्काला हा अपमान वाटला. आयुष्यात तिनं कुठल्याही पोत्यावर दोन मिनिटांपेक्षा जास्त विचार केलेला नव्हता. मालनला तर ह्या भानगडीतच पडायचं नव्हतं, पण आक्का जातेय म्हटल्यावर ती तयार झाली. रेश्मांनी तिला एकटीला आत नेऊन विचारलं, "मालनताई, तुम्ही तुमच्या मनानं येताय ना?" मालन म्हणाली, "व्हय. आक्काच्या मनानं." रेश्मांनी तिला आणखी एक आठवडा विचार करायला घरी पाठवलं. तो आठवडाभर आक्का जिन्याखाली बसून तिला, स्वतःच्या मनानं यायचं म्हणजे कसं यायचं, ते शिकवत होती. पुढच्या खेपेला मालननं मात्र सगळ्यांना गप्प केलं. ती म्हणाली, "माझी पोरगी हाय, तिच्या पोटी पोरगी हाय. त्यास्नी झालं तर औषध असूद्या. म्हणून येते." रेश्मांनी फॉर्म पुढं केला. मालननं सही केली, आणि आक्का बाहेर मला म्हणाली, "हे मी शिकवलं न्हवतं."

दोघींना एकेक बाटली आणि एकेक वही मिळाली. वहीत रोज लिहायचं, आज काय त्रास झाला. आक्काची वही माझ्या हस्ताक्षरात आहे, कारण ती सांगायची आणि मी लिहायचे. 'आज डाव्या कानातून वाफ निघाली.' 'आज पाय जड, पण दुपारी हलके.' 'आज दिराचा राग आला, हे गोळीनं की नेहमीचं ते कळत नाही.' एका महिन्यात वही भरली आणि रेश्मांनी दुसरी दिली. मालनची वही तिचा मुलगा लिहायचा आणि तिच्यात रोज एकच वाक्य होतं, 'काही नाही'. तीस दिवस, काही नाही. त्याच महिन्यात तिला घामाच्या धारा लागत होत्या, झोप नव्हती, सांधे धरले होते. पण स्वतःच्या अंगाची तक्रार लिहून परक्या माणसाला दाखवायची, हे तिच्या रीतीत बसत नव्हतं. डॉक्टरीणबाई "बरं आहे ना?" म्हणत, आणि तसं विचारल्यावर माणूस "बरं हाय" म्हणतं, एवढंच तिला ठाऊक.

आक्कानं दोन्ही वह्या समोरासमोर ठेवल्या आणि तिची झोप उडाली. तिच्या कानातून वाफा निघतायत आणि मालनला काहीच होत नाही, ह्याचा अर्थ उघड होता. तरी खात्री करावी म्हणून तिनं दोन्ही बाटल्यांतली एकेक गोळी परातीत घेतली, लाटण्याच्या टोकानं फोडली, चिमटीत चोळली आणि डोळे मिटून हुंगली. मी तिथंच भांडी पुसत होते. आक्कानं डोळे उघडले आणि वखारीत सांगायची तसं सांगितलं, "माझा माल अस्सल. मालनचं नुसतं पीठ हाय." मी म्हटलं, "आक्का, असं नाकानं कळत नसतंय." तिनं माझ्याकडं अशी काही नजर टाकली की मी पुन्हा भांडी पुसायला लागले. थोड्या वेळानं ती म्हणाली, "ती माझ्या भरवशावर आल्या गं विमल. मी खरं खाऊ आणि तिला पीठ खाऊ घालू व्हय?"

त्याच संध्याकाळी तिनं दोन्ही बाटल्या स्टीलच्या एका डब्यात ओतल्या, डबा हलवला, आणि निम्म्या निम्म्या गोळ्या परत भरल्या. नवी बाटली मिळाली की पहिलं काम हेच. रेश्मा दर महिन्याला उरलेल्या गोळ्या मोजायच्या आणि त्या बिनचूक भरायच्या. कशा नाही भरणार, वाटणी आक्काची होती. मालनला आधी पटलं नव्हतं. ती म्हणाली, "नगं आक्का, तुजं तुला असूद्या." पण आक्कासमोर मालनचं 'नगं' कधी टिकलं नाही. आणि मी, फॉर्म वाचलेली, शिकलेली बाई, मी तीन महिने गप्प राहिले. वर्गात पोरांनी एकमेकांची उत्तरं पाहिली तर मी त्यांना बाकावर उभं करते. इथं मला वाटलं, दोघी बायका मायेनं काहीतरी करतायत, त्यात आपण कशाला पडा. ही चूक आक्काइतकीच माझी आहे, आणि आज ते लिहून टाकते.

भाद्रपदात आम्हा जैनांचं दशलक्षण पर्व संपलं की दुसऱ्या दिवशी क्षमावाणी असते. वर्षभरात ज्याला ज्याला दुखवलं त्याची हात जोडून माफी मागायची, "उत्तम क्षमा" म्हणायचं. बहुतेक लोक आता मोबाइलवर एकच निरोप सगळ्यांना पाठवून मोकळे होतात. आक्का घरोघर जायची आणि गुन्हा नाव घेऊन सांगायची. त्यामुळे तिच्या माफीनं पुष्कळदा नवीच भांडणं लागत. त्या वर्षी तिनं मला सांगितलं, "तुझ्या पोळ्या चांगल्या झाल्यात म्हटलं हुतं, ते खोटं हुतं. क्षमा कर." मी केली. मग ती पायात चप्पल घालत म्हणाली, "चल, बेळगावला. रेश्माबाईकडं." मालनला कळल्यावर तिचा चेहराच उतरला. आक्काला अभ्यासातून काढलं तर तिला बघायला दीर होता, जाऊ होती. मालनच्या घरी मात्र ही महिन्याची खेप चालू होती ती केवळ 'दवाखान्याच्या वहीत नाव आहे' म्हणून. नाव गेलं असतं तर तिच्या नवऱ्यानं बसला बसवणंही बंद केलं असतं. ती रडकुंडीला येऊन म्हणाली, "आक्का, देवाला सांग की. देवाला कळलं म्हंजे झालं." आक्का म्हणाली, "देवाच्या गोळ्या न्हवत्या त्या."

तरी ती आमच्यामागून बसमध्ये चढलीच. रेश्मांच्या टेबलापुढं उभं राहून आक्कानं हात जोडले, "उत्तम क्षमा." त्यांना वाटलं सणाच्या शुभेच्छा आहेत. त्या हसून म्हणाल्या, "तुम्हाला पण आक्का, बसा की." मग आक्कानं डबा, वाटणी, नाक, सगळं सांगितलं. रेश्मांचं हसू हळूहळू विरत गेलं आणि त्या उठून डॉक्टरीणबाईंना बोलवायला गेल्या. डॉक्टरीणबाईंनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं. एकच प्रश्न विचारला, "कुठली खरी, ते तुम्हाला सांगितलं कुणी?" आक्का म्हणाली, "हुंगून बघितलं." डॉक्टरीणबाईंनी समोरची फाईल उचलून तोंडापुढं धरली आणि बराच वेळ वाचत राहिल्या. फाईल उलटी होती.

मग फाईल खाली ठेवून त्या बोलल्या. "कुसुमताई, नवी गोळी चांगली की वाईट, हे आम्हालाच माहीत नाही. ती घेणाऱ्या वेगळ्या, न घेणाऱ्या वेगळ्या, अशा दोन्हींकडं बघूनच ते कळणार. तुम्ही दोन्ही एकत्र केल्यात. आता तुम्हा दोघींकडं बघून आम्ही पुढच्या बायकांना काय सांगायचं?" त्या रागावल्या नव्हत्या, आणि त्यामुळेच ते जास्त लागलं.  आक्का टेबलावरच्या दोन बाटल्यांकडं बघत राहिली… आणि मग अगदी हळू म्हणाली, "म्हंजे मी माल मिसळला व्हय." तिच्या डोळ्यांत पाणी मी नवरा गेला तेव्हा पाहिलं होतं, आणि त्यानंतर त्या दिवशी. जन्मभर ज्या गोष्टीसाठी तिनं लोकांची पोती परत पाठवली, तीच तिनं केली होती. पदरानं डोळे पुसून ती म्हणाली, "मला काढून टाका. पर मालनला काढू नगा. ती आपल्या लेकीबाळींसाठी आल्या. तिचा गुन्हा न्हाय."

डॉक्टरीणबाई म्हणाल्या, काढायचं कुणालाच नाही, पण झालं ते जसंच्या तसं लिहून वर कळवायला लागेल, आणि उत्तर येईपर्यंत ही गोळी बंद. दोघींचं रक्त तपासलं गेलं. रेश्मा इंग्रजीत लिहीत होत्या आणि आक्का मला प्रत्येक ओळीचा अर्थ विचारत होती. 'दोन्ही बाटल्यांतील गोळ्या एकत्र करून समान वाटून घेतल्या.' आक्का म्हणाली, "कारण लिव्हा की." रेश्मांनी विचारलं, "काय लिहू?" आक्का म्हणाली, "मैतरणीसाठी." रेश्मांनी डॉक्टरीणबाईंकडं पाहिलं. त्या म्हणाल्या, "लिहा. तेच कारण आहे." एवढ्या मोठ्या अभ्यासाच्या कागदपत्रांत कुठंतरी ते वाक्य आहे, ह्याचा मला आजही अभिमान वाटतो, मी गप्प बसले होते तरी.

तीन आठवड्यांनी उत्तर आलं की दोघींनी आपापल्या बाटलीवर पुढं चालू ठेवावं. ते तीन आठवडे मालन आमच्याकडं येऊन नुसती बसायची आणि आक्का तिच्या नजरेला नजर द्यायची नाही. परवानगी आल्यावर आक्काचा अवतारच बदलला. आपली बाटली ती कपाटात कुलपात ठेवू लागली. दवाखान्यात बाकावर बसलेल्या बायकांना ती न विचारता सांगायची, "कुणाला द्यायची न्हाय, कुणाची घ्यायची न्हाय. काय हुतंय ते सगळं वहीत लिव्हायचं, लाजायचं न्हाय." एकदा चिकोडीच्या एका बाईनं भीतभीत विचारलं की ह्या म्हाताऱ्या बाई सरकारी आहेत का. आणि मालनची वही आक्का स्वतः समोर बसून भरून घ्यायची. "काय न्हाय" म्हटलं की पेन खाली. काहीतरी सांगितल्याशिवाय उठायचं नाही. त्यातूनच आम्हाला पहिल्यांदा कळलं की मालनचा गुडघा अकरा वर्षं दुखतोय.

आक्काचा आजार परतला तो गोळ्यांची मुदत संपायच्या थोडं आधी, आणि ह्या वेळी हाडांत. अभ्यासातून तिला बाहेर काढून दुसरी औषधं सुरू झाली. डॉक्टरीणबाईंनी जे जे करण्यासारखं होतं ते केलं. शेवटचे चार महिने ती घरी होती. दुखणं फार होतं, ते मी इथं लिहीत नाही. मालन रोज यायची. तिची स्वतःची तपासणी प्रत्येक खेपेला स्वच्छ येत होती, आणि दर वेळी रिपोर्ट स्वच्छ आला की ती आणखी गप्प होत होती. तेव्हा मला त्याचा अर्थ कळला नाही. ती मनात तीन महिन्यांच्या गोळ्यांची वाटणी पुन्हा पुन्हा करत होती. आक्काच्या अस्सल गोळ्यांतल्या निम्म्या आपण खाल्ल्या, म्हणून आपण बऱ्या आणि ती अशी. आक्काचं नाक चुकलेलं तिनं कधी पाहिलंच नव्हतं, मग ती दुसरं काय समजणार.

गेल्या आठवड्यात रेश्मांचा फोन आला. अभ्यास संपला होता, आणि कुणाला कुठली गोळी होती ते आता उघड झालं होतं. हवं असेल तर मालनला तिचं सांगता येईल, आणि आक्काचं घरच्यांना. मालन म्हणाली, "नगं." दोन दिवसांनी मागच्या दाराशी येऊन म्हणाली, "जाऊया बाई. काय असंल ते असूद्या, खरं कळूद्या." कर्नाटकात आता बायकांना सरकारी बस फुकट, म्हणून आम्ही आधार कार्डं दाखवून शून्याची तिकिटं घेतली आणि बेळगाव येईपर्यंत ती ते तिकीट दुमडत आणि उलगडत राहिली.

रेश्मांनी आम्हाला आत नेलं, दार लावून घेतलं. मालन म्हणाली, "आदी तिचं सांगा." रेश्मांनी कागद बघितला. "कुसुमताई साध्या गोळीच्या गटात होत्या." मालन जागची हलली नाही. मला मात्र आक्काच्या डाव्या कानातली वाफ आठवली, आणि त्या खोलीत, त्या वेळी, मला हसू दाबता येईना. रेश्मांनी दुसरा कागद घेतला. "आणि मालनताई, तुम्हीपण. तुमचीपण साधीच होती."

मालननं दोनदा विचारून घेतलं. दोन्ही बाटल्यांत एकच होतं काय. होतं. मग वाटलं काय आणि न वाटलं काय. काहीच फरक नाही. मग आक्का माझ्यामुळं न्हाय गेली. नाही हो ताई, तुमच्यामुळं नाही. आजारच तसा होता. मालननं मोठा श्वास सोडला आणि मागं टेकून बसली, दीड महिन्यात पहिल्यांदा. मला वाटलं, झालं, सुटली ही बाई. रेश्मांनी चहा मागवला. आणि चहा हातात घेतल्यावर मालन रडायला लागली. कप खाली ठेवेना, रडणं थांबेना. रेश्मा घाबरून म्हणाल्या, "अहो ताई, चांगलंच झालं की ओ हे." मालन म्हणाली, "व्हय, चांगलंच झालं… पर मला वाटत हुतं, तिचं कायतरी हाय माझ्यात."



परतीच्या बसमध्ये ती खिडकीशी बसली होती. संकेश्वर मागं पडलं, ऊन उसाच्या शेंड्यांवर उतरलं होतं. मला डुलकी लागत होती. मालननं पिशवीतून फडकं काढलं, मांडीवर सोडलं आणि भाकरी मोडायला घेतली. मी म्हटलं, "आत्ता? तासाभरात घरी पोचतोय की." आमच्या धर्माच्या रीतीप्रमाणं आक्कानं जन्मभर दिवस मावळल्यावर घास तोंडात घातला नाही. गोळी जेवणावर घ्यायची आणि दोघींनी मिळून घ्यायची म्हणून मालन रोज आमच्याकडं संध्याकाळी साडेपाचला पानावर बसायची, आणि पुढं गोळ्या संपल्या तरी आक्काला भरवून तिथंच जेवायची. शेतकऱ्याच्या घरची बाई, रानातून माणसं आल्याशिवाय, रात्रीचे नऊ वाजल्याशिवाय जेवण माहीत नसलेली. मी मात्र ह्या घरची सून असून, टीव्हीपुढं दहा वाजता जेवते.

मालननं बाहेर सूर्याकडं एकदा बघितलं आणि अर्धी भाकरी माझ्या हातावर ठेवली. "खावा बाई, दिवस बुडंल," ती म्हणाली. "कशी वो तुमी जैनाची."